मुंगी न मारता राखलेलं घर

घर बांधणारे मिस्त्री कोल्हापुरात पेठेपेठेला भेटतील. मी राखणारा होतो. पायापासून आढ्यापर्यंत स्वतः उभी केलेली घरं माझ्या नावावर फार नाहीत. पण कुणाच्या चौकटीला वाळवी लागली, कुणाच्या माजघरात झुरळं फिरू लागली, कुणाच्या बाजेतून ढेकूण हटेनात, की लोक म्हणायचे, "दस्तगीर मिस्त्रीला हाक मारा." मागल्या महाराजांची कारकीर्द जवळजवळ सगळी मी अशी दुसऱ्यांच्या भिंतीतल्या फटी बुजवण्यात घालवली. आता हाताला कंप आहे, थापी धरवत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातलं काही लिहा म्हटलं तेव्हा हसूच आलं. फट बुजवली म्हणजे दिसेनाशी होते, हेच तर आमचं कसब. जे दिसत नाही त्यावर लिहायचं काय?

पण आधी धंदा सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की किडा मारणं हे माझं काम. किडा मारायला मिस्त्री लागत नाही, चप्पल पुरते. माझं काम किडा येतो कुठून ते बघणं. वाळवी जमिनीतून येते, तिला ओल आणि लाकूड लागतं. खांबाचं बूड दगडी तळखड्यावर असलं आणि सभोवतीची माती खाली असली, तर ती चढत नाही. चढलीच तर भिंतीवर मातीची बोटाएवढी नळी करत येते, म्हणजे डोळे उघडे असणाऱ्याला आधी सांगून येते. झुरळाला अंधार, खरकटं आणि मोरीजवळची फट लागते. मुंगीला सांडलेलं लागतं. ढेकणाला फक्त माणूस लागतो आणि दिवसभर लपायला एक चीर. कौलं वर्षाला चाळली, पाणी भिंतीपासून लांब काढलं, सरपण घराला टेकवून रचलं नाही, भेगा चुन्यानं भरल्या आणि बाज उन्हात टाकली, की निम्मी दुनिया आपोआप घराबाहेर राहते.

हे सांगायला सोपं आहे. एक म्हातारे वस्ताद होते, तालमीत मोठं नाव. ढेकणांनी त्यांना जेरीला आणलं होतं. त्यांनी बाज नेऊन दिवसभर पंचगंगेत बुडवून ठेवली, वर दगड ठेवले. परत आणली, आठवड्यात ढेकूण हजर. मी गेलो तेव्हा बाज बघितलीच नाही. उशाशी भिंतीवर वस्तादांची फेटा बांधलेली मोठी तसबीर होती, तिला कुणी हात लावायचा नाही असा घरात दंडक. मी ती उतरवली. मागची भिंत ढेकणांनी काळी झालेली. वस्ताद ते बघून म्हणाले, "च्यायला, माझ्याच पाठीमागं लपलीती व्हय!" अशी गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली, आणि त्यांच्या गोष्टी सांगून मी लोकांना हसवतही आलो. पण एकटा असलो की जे घर आठवतं ते गंगाक्काचं.

महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी नवी पेठ वसवली, तिच्या अलीकडच्या गल्लीत एका जैन कुटुंबाचं घर होतं. दोन भाऊ, थोरले आदाप्पा आणि धाकटे भूपाल. दोघंही गुळाचे व्यापारी. पुढं राहायचं घर, मागं गुळाची खोली, त्यामागं आड. आदाप्पांची बायको गंगाक्का. मला पहिल्यांदा बोलावलं ते तिनंच. मी दारात उभा राहिलो तशी म्हणाली,

"मिस्त्री, माझ्या घरात काम करायचं तर एक आधीच सांगून ठेवते. मुंगीसुदिक मरायला नगं."

"मग मला कशाला बोलवलंसा, अक्का?"

"मारणारं रग्गड हाईत गावात. न मारता घर राखणारा पायजे."

मला वाटलं ही बाई माझी चेष्टा करते आहे. गुळाचं घर, आणि मुंगी मारायची नाही! पण ती माझ्याआधी सगळं करून बसली होती. गुळाची खोली राहत्या घराला चिकटून असली तरी मधे दगडी चर, त्यात कायम पाणी. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, जमिनीवर नाहीत, फळ्यांच्या मांडणीवर, आणि मांडणीचा प्रत्येक पाय पाण्याच्या दगडी वाटीत. खोली झाडायची ती मऊ केरसुणीनं, आणि सांडलेला गूळ मुंगी येण्याआधी ओल्या फडक्यानं टिपायचा. तिला माझ्याकडून हव्या होत्या त्या भिंती. मी एक भेग दाखवून म्हटलं, "ही आत्ता भरतो." तिनं हात आडवा केला.

"आत काय असंल तर?"

"असणारच की, अक्का."

"मग आधी कडुनिंबाची धुरी दे. दोन दिस थांब. त्यांस्नी भाईर जाऊ दे, मग बुजीव."

त्या दिवसापासून मी तिच्या घरी असंच काम करत आलो. आधी धुरी, मग थांबणं, मग चुना. तुळईची टोकं भिंतीत जातात तिथं बिब्ब्याचं तेल, म्हणजे वाळवी त्या वाटेला जात नाही. दर वर्षी शिमगा झाला की मी जायचो, आणि दसऱ्याआधी एकदा. स्वयंपाकघरात मी काम करून गेलो की ती ते धुवून घ्यायची, हे मला ठाऊक होतं. त्याचं काही वाटत नव्हतं असं म्हणणार नाही. पण माझ्या हातच्या गिलाव्यावर तिनं कधी दुसऱ्या मिस्त्र्याचा हात पडू दिला नाही, हेही तितकंच खरं.

पुढं भूपालचं लग्न झालं. बायको सीमेपलीकडच्या कानडी मुलखातली, पद्मा नाव. मराठी तुटकं, आणि झुरळाला इतकी भ्यायची की मोरीत पाय ठेवायची नाही. गंगाक्कानं तिला झुरळाची भीती घालवण्याचा एकच उपाय शिकवला, झुरळ येईल असं काही ठेवायचंच नाही. रात्रीची भांडी सकाळपर्यंत ठेवायची नाहीत, मोरी कोरडी करून झोपायचं, पोत्यांखाली हवा खेळू द्यायची. मी भिंतीशी काम करत असायचो आणि दोघी जावा शेजारी बसून सारवत असायच्या. पद्माचा हात आधी अडखळायचा, मग दोघींचे हात एका लयीत चालू लागले. "अक्का, इदु सरी?" असं ती विचारायची, म्हणजे हे बरोबर का? आणि गंगाक्का कधीच बरोबर म्हणायची नाही. "कोपऱ्यात बघ," म्हणायची.

वर्षातून दोनदाच जाणारा मी, पण मला त्या घराची ओढ असायची. स्वच्छ घरं खूप बघितली. आनंदानं स्वच्छ ठेवलेलं ते एकच.

मग प्लेग आला. गल्लीत उंदीर पडू लागले तसं गाव उठलं आणि लोक शेतांतून छपरं घालून राहू लागले. आदाप्पा-भूपालांचं बिऱ्हाडही उसाच्या शेताकडेला गेलं. दिवस पावसाळ्याचे, आणि खोलीत गूळ भरलेला. तो भूपालनं आपल्या शब्दावर बाजारातून घेतलेला. भूपाल म्हणाला, मी जाऊन गूळ हलवून येतो. आदाप्पांनी किल्ली कनवटीला खोवली ती काढलीच नाही. "गूळ परत करता ईल. भाऊ कुठनं करू?" असं ते म्हणाले. ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्या साथीत गावात डोकावून आलेली माणसं मी मसणात जाताना पाहिली आहेत.

साथ ओसरल्यावर घर उघडलं, तेव्हा मीही होतो. वाट्यांतलं पाणी केव्हाच आटलेलं. बंद खोलीतल्या दमटीनं गूळ पाघळून मांडणीवरून खाली आलेला, आणि त्यावर काळी चादर अंथरल्यासारखे मुंगळे. भूपाल दारात तसाच उभा राहिला. त्याचा बाजारातला शब्द गेला होता. एक हमाल म्हणाला, रॉकेल ओतून पेटवू या. गंगाक्का पदर खोचून पुढं आली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या दोघी जावा तो गूळ मुंगळ्यांसकट टोपल्यांत भरत होत्या आणि गाडीनं शेताच्या बांधावर नेऊन ठेवत होत्या. दोघींचे हात चावून चावून सुजले. पद्मानं तोंडातून शब्द काढला नाही.

भाऊ मात्र बोलले, आणि जे बोलू नये ते बोलले. "किल्ली मागितली, दिली न्हाय. माझं नाव बुडवायचंच हुतं त्यास्नी," असं भूपाल चारचौघांत म्हणाला. आदाप्पा म्हणाले, "जीव राखला हेचं हे फळ." पुढच्या शिमग्याला मी गेलो तेव्हा मला भेगा बुजवायच्या नव्हत्या. घराच्या मधोमध भिंत घालायची होती.

ती भिंत मीच घातली. नाही म्हणालो असतो तर दुसऱ्यानं घातली असती, आणि वाईट घातली असती. ती माजघरात मोठ्या तुळईच्या खालून गेली. तुळई एकच, दोन्ही घरांची. भूपालनं आपल्या बाजूला वर माडी चढवली, आणि माडीच्या कौलांचं पाणी नेमकं मधल्या भिंतीवर येऊ लागलं. त्यासाठी मी दोन्ही छपरांच्या मधे जस्ताची पन्हळ बसवली. गंगाक्का खालून बघत होती.

"मिस्त्री, पिंपळाची पानं पडत्यात ह्यात. काढायचं कुणी?"

तिनं सगळ्यात आधी तेच विचारलं. कारण पन्हळीपर्यंत पोचायचं तर आदाप्पांच्या बाजूनंच शिडी लावावी लागत होती. आदाप्पा म्हणाले, "पाणी त्याचं, त्यानं बघावं." भूपाल म्हणाला, "त्यांच्या अंगणात मी शिडी लावणार न्हाय." आणि मला त्यानं सांगितलं, "मिस्त्री, तिकडं काम करणार असशीला तर हिकडं यायचं न्हाय." पहिलं घर गंगाक्काचं होतं. मी तिकडेच राहिलो.

दोन घरं झाली आणि दोन्ही आजारी पडली. पलीकडं मला जाता येत नव्हतं, पण अलीकडचं मी बघत होतो. गंगाक्का पूर्वीसारखंच सगळं करायची, तरी मधल्या भिंतीला पावसाळ्यात बुरशी धरू लागली. मी पुसायचो, धुरी द्यायचो, चुना लावायचो, पुन्हा ओल यायची. पन्हळ तुंबलेली दिसत होती. आदाप्पांना विचारलं, वर चढून काढू का? "हात लावायचा न्हाय," म्हणाले. एवढे समजूतदार गृहस्थ, पण त्या एका बाबतीत लहान मुलासारखे झाले होते. गंगाक्का भिंतीशी सारवायला बसायची तेव्हा मधेच हात थांबवायची. पलीकडून सारवण्याचा आवाज येतो का ते ऐकायची. जावांना एकमेकींशी बोलायची बंदी होती. आडावर जायच्या वेळासुद्धा वाटून घेतल्या होत्या.

एका शिमग्यानंतर मी गेलो तर मधल्या भिंतीवर, अगदी तुळईच्या खाली, मातीची नळी दिसली. मी शिडीवर चढून तुळईवर मूठ मारली. सागाची तुळई मारल्यावर घंटेसारखी बोलते. ही भद्द बोलली. वाळवी पलीकडून, ओल्या भिंतीच्या पोटातून वर गेली होती. किती खाल्लंय ते भिंत उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि भिंत दोघांची.

मी भूपालकडं गेलो. त्यानं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "त्यांच्याकडनं आलायसा न्हवं? मग त्यांस्नीच सांगा," म्हणाला आणि वळला.

गंगाक्काला मी येऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या सकाळी या. सौद्याला दोघंबी जात्यात."

दुसऱ्या दिवशी भाऊ गुळाच्या सौद्याला गेले तशी ती मागच्या बोळात गेली आणि भूपालच्या दारावर थाप मारून मोठ्यानं म्हणाली, "पद्मे, मिस्त्री भित फोडतोय. तुळईखालची भांडी हलीव!" इतकंच. पण आम्ही परत माजघरात आलो तेव्हा पलीकडून भांडी सरकवल्याचा आवाज येत होता.

नळीच्या मागावर, छातीएवढ्या उंचीपासून वर तुळईपर्यंत मी छिन्नी लावली. माझाच चुना, फुटता फुटेना. भगदाड पडलं तसा पलीकडचा उजेड आला आणि त्यात पद्माचा चेहरा. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. भिंत उभी राहिल्यापासून त्यांनी एकमेकींना अशा जवळून पाहिलं नव्हतं.

पद्मा म्हणाली, "अक्का, तुमचं केस पांढरं झालं की."

गंगाक्कानं भगदाडात तोंड घातलं, हुंगलं आणि म्हणाली, "तुझ्या मोरीजवळ झुरळं झाल्यात. वास येतोय."

पद्मा हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "व्हय अक्का. लई झाल्यात. एकटीनं हुईत न्हाय." गंगाक्कानं भगदाडातून हात घातला आणि तिचं मनगट धरलं. मी शिडीवर तसाच उभा राहिलो, छिन्नी हातात घेऊन. मला खाली उतरावंसं वाटेना, आणि वर बघायलाही धीर होईना.

शेवटी बघितलं. तुळईच्या टोकात अंगठा दाबला तर पहिल्या पेरापर्यंत आत गेला. वरून रंग लावलेलं टणक कवच, आत माती आणि जाळी. आणि त्या टोकावर एका बाजूनं आदाप्पांचं छप्पर, दुसऱ्या बाजूनं भूपालची माडी. अलीकडून एक टेकू मी तिथल्या तिथं लावला. दुसरा पलीकडं लावायला हवा होता, आणि ती तुळई पावसाआधी बदलायलाच हवी होती. त्यासाठी भिंतीचा वरचा भाग काढून दोन्ही घरं काही दिवस एक करावी लागणार होती.

भाऊ परतले. आरडाओरडा झाला, पण मला वाटला होता तेवढा नाही. आदाप्पा स्वतः शिडीवर चढले, त्यांनी अंगठा घालून बघितला. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पलीकडून भगदाडातून भूपालचा आवाज आला. तो बायकोशी बोलत होता, पण आम्हाला ऐकू जावं असंच.

"थोरल्यानं दारात येऊन एकदा सांगू दे, भूपाल, तुळई बदलू या म्हणून. आजच भित काढतो. पण येऊन सांगू दे."

गंगाक्का नवऱ्यासमोर उभी राहिली. "जावा की. एक शब्द तर हाय."

आदाप्पा दोन दिवस गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पगडी घातली आणि मला म्हणाले, "मिस्त्री, चला संगं. कामाचं तुम्ही समजावून सांगा." आम्ही वळसा घालून बोळातून भूपालच्या दारापर्यंत गेलो. दार उघडं होतं. भूपाल आत ओटीवर बसून गुळाचा रवा फोडून बघत होता. त्यानं मान वर केली आणि थोरल्या भावाला पाहिलं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्याचे हात थांबले. तो उठू लागला होता. आदाप्पा वाट बघत होते, तो "या" म्हणेल याची. भूपाल वाट बघत होता, ते बोलतील याची. दोघांच्या मधे एक उंबरा. मिस्त्र्यानं दोन भावांच्या मधे बोलू नये, असं मला बापानं शिकवलं होतं, म्हणून मी जमिनीकडं बघत राहिलो.

आदाप्पा वळले आणि चालू लागले. मी त्यांच्या मागून निघालो. बोळाच्या वळणावर मागं पाहिलं तर भूपाल दारात येऊन उभा होता. त्याच्या ओठांवर काहीतरी होतं. मी आदाप्पांना म्हटलं, "आण्णा, धाकटं दारात आल्यात." ते थांबले नाहीत. त्यांना ऐकू आलं नाही, असं ते नंतर गंगाक्काला म्हणाले. मी मोठ्यानंच बोललो होतो.

भूपालनं दुसरा मिस्त्री बोलावून भगदाड बुजवलं. माझा अलीकडचा टेकू राहिला. मी गंगाक्काला सांगितलं, पाऊस सुरू झाला की माजघरात कुणी बसायचं नाही, झोपायचं नाही. ती म्हणाली, "माझं मी बघते. पलीकडं कोण सांगंल?" मग पुन्हा बोळात जाऊन तिनं ओरडून सांगितलं असावं, कारण पद्मानंही आपली अंथरुणं मागच्या खोलीत नेली. त्यामुळं आषाढात भर दुपारी ती तुळई बसली तेव्हा खाली कुणी नव्हतं. आदाप्पांचं छप्पर आणि भूपालची माडी एकावर एक आली. मी धावत गेलो तेव्हा दोन्ही घरांचे लोक भिजत अंगणात उभे होते. भिंत गेली होती, अंगण पुन्हा एकच झालं होतं, तरी भाऊ दोन टोकांना उभे होते.

मोकळी जागा विकली गेली. आदाप्पा नेसरीला आपल्या शेतावर राहायला गेले, भूपाल कागलला. मी दगडी वाट्या, शाबूत कौलं गाडीत भरून द्यायला होतो. वाट्या दोघींनी निम्म्या निम्म्या घेतल्या. एकमेकींना सांगून नाही, पण बरोबर निम्म्या.

नंतर मला संस्थानच्या चावड्या आणि धर्मशाळा राखायचं काम मिळालं. वर्षातून एकदा गडहिंग्लजच्या अंगाला फेरी असायची. जाताना वाटेत कागल, शेवटाला नेसरी. पहिल्या वर्षी कागलात पद्मा भेटली. नवरा आत होता, म्हणून ती हळूच म्हणाली, "मिस्त्री, अक्काकडं जाणार व्हय? इचारा की, ज्वारीला पोरकिडा लागतोय. उन्हात घातली तरी लागतोय. काय करू?"

नेसरीला गंगाक्काला विचारलं. ती इतकी पटकन बोलली की जणू वाटच बघत होती. "गरमागरम भरत असंल पोत्यात. तापलेल्या ज्वारीला आत घाम सुटतो. म्हणावं, ऊन दे, मग रातभर गार हू दे, मग भर. राख मिसळ. आणि कोपऱ्यात बघ म्हणावं." शेजारी आदाप्पा बसले होते. त्यांनी पाठ फिरवून तंबाखू मळायला घेतली, पण उठून गेले नाहीत.

परतताना मी निरोप दिला. पुढच्या वर्षी पद्माचा नवा प्रश्न तयार होता, रेशमी लुगड्याला कसर लागते. त्याच्या पुढच्या वर्षी मधमाशीसारखी कसलीतरी माशी भिंतीत घर करते. पद्माला यातलं निम्मं ठाऊक असणार, असा मला संशय होता. गंगाक्कालाही असावा. एकदा ती म्हणाली, "येवढं तर तिला मीच शिकवलंतं," आणि तरी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि मी नीट लक्षात ठेवतोय का ते वदवून घेतलं. एकदा पद्मानं प्रश्नच दिला नाही, नुसता निरोप दिला, "सांगा, झुरळं न्हाईत आता." तो ऐकल्यावर गंगाक्का आत निघून गेली आणि पुष्कळ वेळानं ताक घेऊन बाहेर आली.

मी दोघींना म्हणायचो, एकदा गाडी जुंपा आणि भेटा. दोघींचं उत्तर एकच होतं, "ह्यांस्नी इचारून बघते." विचारलं असेल. उत्तर काय मिळालं ते दिसतच होतं.

मग मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली. त्या वर्षी माझी फेरी लांबली. कागलला पद्मा दारातच होती. म्हणाली, "उंबऱ्याला वाळवी लागल्या मिस्त्री. नवा घालायचा की हाच राखायचा, अक्काला इचारा." मी हो म्हटलं.

नेसरीच्या घराचं अंगण झाडलेलं नव्हतं. ते बघूनच मला कळलं. आदाप्पा ओसरीवर एकटे बसले होते. म्हणाले, "चार दिस ताप आला. गेली." मी शेजारी बसलो. विचारलं, "कागलला कळीवलंसा का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. "काय म्हणून कळवू?" एवढंच म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते पुसलंही नाही.

परतीच्या वाटेवर मी दुसऱ्या रस्त्यानं जाता येईल का याचा विचार केला. दुसरा रस्ता नव्हता. पद्मा गाडीचा आवाज ऐकून बाहेर आली, उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"काय म्हणाली अक्का?"

मी सांगितलं. ती खाली बसली. आतून भूपाल आला, त्यानंही ऐकलं, आणि चौकटीला धरून तसाच उभा राहिला. पद्मा उंबऱ्यावरून हात फिरवत होती, वाळवीनं खाल्लेल्या जागेवरून पुन्हा पुन्हा. मग माझ्याकडं बघून म्हणाली,

"मग हे आता कुणाला इचारू?"

जन्मभर हेच काम केलेला माणूस मी. उत्तर मला ठाऊक होतं. पण तिला ते माझ्याकडून नको होतं.